बहुतेक काकांकडे

"नो टॉकिंग," मूर्तीसाहेब म्हणाले आणि आम्हा तिघांच्या पुढ्यात एकेक फुलस्केप कागद ठेवून गेले.

मार्च महिना, सोमवार, सकाळचे दहा. फार्मच्या गेस्ट हाउसमधली जेवणाची टेबलं ओढून कोपऱ्याकोपऱ्यात लावली होती. एका कोपऱ्यात मी, रत्नमाला घुगे, वय वर्षं तेवीस. दुसऱ्यात स्टोअरकीपर अंबादास जिगे, ज्यांना सगळा फार्म काका म्हणायचा. तिसऱ्यात फील्ड सुपरवायझर सुधाकर टेकाळे. चौथ्या कोपऱ्यात मूर्तीसाहेब स्वतः. ते हैदराबादच्या हेड ऑफिसातून आलेले, मराठीचं ओ की ठो न कळणारे. एकमेकांशी बोलायचं नाही आणि जे लिहायचं ते इंग्रजीतच, अशी त्यांची ताकीद होती.

आमची कंपनी बियाण्याची. जालन्यापासून अकरा किलोमीटरवर तिचा फार्म होता. कपाशीचं संकरित बी करायचं तर त्याचे आई-बाप असलेले वाण वेगळे सांभाळावे लागतात, आणि ते कुठले हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नसतं. त्या आई-बापांच्या थैल्या थंड खोलीत कुलपात असायच्या. शुक्रवारी सकाळी त्यातली मादी वाणाची चार किलोची थैली जागेवर नाही, असं लक्षात आलं. बुधवारी संध्याकाळी ती मी स्वतः पाहिली होती. कुलूप फुटलेलं नव्हतं. थैली दुसऱ्या कंपनीच्या हाती लागली असेल तर आमची दहा वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. आणि थंड खोलीत जायची परवानगी फक्त आम्हा तिघांना होती. म्हणजे तिघांपैकी एकाची नोकरी जाणार, हे गेटवरच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं.

माझी नोकरी तर अजून धड लागलेलीही नव्हती. बी उगवतं की नाही ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी टेक्निशियन होते, एक वर्षाच्या प्रोबेशनवर. जूनमध्ये कायम करणार होते, तेही इंग्रजी रिपोर्ट लिहिणं सुधारलं तर.

आता माझा स्वभाव सांगून टाकते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी महासंशयी बाई आहे. तेव्हाही होते, आता पंचवीस वर्षांनीही आहे. दूधवाल्यानं हसून नमस्कार केला की मी आधी दुधावर साय किती येते ते बघते. आई म्हणायची, ही कार्टी देवळात गेली तरी चपला हातात घेऊन प्रदक्षिणा घालेल. त्यामुळे शुक्रवार ते रविवार माझ्या डोक्याला काय खाद्य मिळालं असेल ते विचारू नका.

माझा सगळा संशय टेकाळ्यांवर होता. माणूस गोडबोल्या, केसांना तेल चोपडलेलं, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. महिनाभर रोज त्यांना ऑफिसच्या फोनवर कुणाचा तरी फोन यायचा आणि ते हात तोंडापुढे धरून बोलायचे. फाट्यावरच्या हॉटेलात मी त्यांना दोनदा एका स्कूटरवाल्याबरोबर चहा पिताना पाहिलं होतं. मला बघितल्यावर स्कूटरवाल्यानं तोंड फिरवलं. आणि मुख्य म्हणजे थंड खोलीची दुसरी किल्ली टेकाळ्यांकडे असायची. सोमवारी सकाळी गेस्ट हाउसच्या पायऱ्या चढताना ते मला म्हणाले, "घुगे मॅडम, आज मोस्टली कुणाची तरी विकेट पडते बघा." असं बोलताना माणूस हसतो का? ते हसले, आणि मी मनात त्यांच्या नावापुढे आणखी एक फुली मारली.

काकांवर माझा संशय नव्हता. म्हणजे शंभरातला एक दाणा होता, पण तो माझ्या स्वभावाचा. काका छप्पन्न वर्षांचे, अकरा वर्षं त्या स्टोअरवर. बी.ए.ला इंग्रजी घेऊन दुसऱ्या वर्षी घरच्या अडचणीनं सोडलेलं, पण इंग्रजीवरचा जीव गेला नव्हता. माझा एक रिपोर्ट बघून त्यांनी कपाळाला हात लावला होता. "रत्ना, माय, हे काय लिहिलंस? 'सीड इज कम ऑलवेज गुड'? हे वाचून हैदराबादवाले म्हणतील, जालन्यात गाढवं ठेवलीत कामाला." त्या दिवसापासून दुपारी चारच्या चहाला माझी शिकवणी सुरू झाली.

आणि शिकवणं तरी कसं? आमच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर शंभर दाणे मांडून किती उगवले ते मोजायचं काम चालायचं. काकांनी तोच ट्रे पुढे ओढला.

"शंभरातले शंभर उगवले तर काय म्हणशील?"

"चांगलं बी."

"ऑलवेज म्हण. ऐंशी-नव्वद उगवले तर यूज्वली. साठ-सत्तर उगवले तर ऑफन. तीस-चाळीस, समटाइम्स. पाच उगवले तर रेअरली. आणि एकबी नाही उगवला तर?"

"नेव्हर."

"हां. आता लक्षात ठेव, नेव्हरमध्येच नाही आहे. आपण मराठीत 'कधीच नाही' म्हणतो, म्हणून तू परत एक 'नॉट' घुसडतेस. दोनदा नाही म्हटलं की इंग्रजीत होय होतं."

हे शब्द वाक्यात कुठे बसवायचे त्याचीही त्यांची एक रीत होती. "'इज' आणि 'आर' म्हणजे थोरल्या जावा. त्यांना आधी बसू द्यायचं, मग ऑलवेजनं बसायचं. बाकीची क्रियापदं धाकटी. त्यांच्या आधी ऑलवेज बसला तरी कुणाला राग येत नाही." अशी पन्नास वाक्यं त्यांनी माझ्याकडून घोटून घेतली. वहीत लाल पेनानं तपासायचे आणि बरोबर आलं की खाली बारीक अक्षरात 'गुड' लिहायचे. फेब्रुवारीच्या शेवटी मी सलग तीन पानं एकही चूक न करता लिहिली, तेव्हा त्यांनी मावशींच्या हातचे, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातचे, शेंगदाण्याचे लाडू आणून मला आणि शिपायाला वाटले. "किती वेळा, कधी, कितपत, हे शब्द माझी रत्ना आता चुकायची नाही," असं सगळ्या ऑफिसला ऐकवलं. मी आनंदानं हवेत होते.

तर तो फुलस्केप कागद. मूर्तीसाहेबांचे वर टाइप केलेले सहा प्रश्न, खाली रिकाम्या ओळी. चौथ्या प्रश्नावर माझं पेन थांबलं. जेवणाच्या वेळेत किल्ली कुठे ठेवली होती? वार कुठला ते लिहिलेलं नव्हतं, मी गुरुवारच धरला.

नियम असा होता की एक वाजता काकांनी थंड खोलीला कुलूप घालून किल्ली मॅनेजरसाहेबांच्या खोलीतल्या लाकडी पेटीत अडकवायची आणि दोन वाजता परत घ्यायची. सही-बिही काही नव्हती, अडकवली की झालं. गुरुवारी मॅनेजर बोधनकर साहेब गावात कामाला गेले होते. मी सव्वा वाजता त्यांच्या खोलीतल्या माठातलं पाणी प्यायला गेले. पेटीचं दार अर्धवट उघडं होतं आणि खिळा रिकामा. त्याआधी दहा मिनिटं मी काकांना फार्मवरच्या त्यांच्या क्वार्टरकडे लगबगीनं जाताना पाहिलं होतं, जवळजवळ पळतच. मावशींना न्हाणीघरात चक्कर आली म्हणून शेजारचं पोर बोलवायला आलं होतं. गडबडीत किल्ली बहुतेक खिशातच राहिली असणार, असा मी अंदाज बांधला.

विचारलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. पण संशयी माणूस विचारत नाही, नुसता बघत राहतो.

आणि कागदावर पेन टेकवून बसल्या बसल्या माझ्या डोक्यात दिवा लागला. काकांची किल्ली जर क्वार्टरमध्ये होती, तर जेवणाच्या वेळेत थंड खोली उघडली कुणी? दुसऱ्या किल्लीवाल्यानं. म्हणजे टेकाळ्यांनी. माझ्या एका ओळीनं काका सुटत होते आणि चोर सापडत होता. मला खात्री नव्हती, मी काही किल्ली त्यांच्या खिशात पाहिली नव्हती, तेव्हा खोटं नको म्हणून मी 'बहुतेक' घालायचं ठरवलं. बहुतेक काकांकडे, त्यांच्या घरी. तेवढंच मी इंग्रजीत लिहिलं: 'मोस्टली विथ श्री जिगे, अ‍ॅट हिज हाउस.' स्पेलिंग दोनदा तपासलं. मग तिसऱ्या कोपऱ्यातल्या टेकाळ्यांकडे बघून घेतलं. बिचारे पेनाचं टोपण चावत बसले होते.

दुपारी तीन वाजता मूर्तीसाहेबांनी आम्हाला एका टेबलाशी बसवलं. बोधनकर साहेबही होते. मूर्तीसाहेबांचं बोलणं इंग्रजी, मध्येच हिंदी. त्यांनी माझा कागद उचलला आणि चौथं उत्तर मोठ्यानं वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मोस्टली? आर यू शुअर?"

"येस सर," मी म्हणाले. आवाज अगदी खणखणीत लागला.

"मिस्टर जिगे. मोस्टली अ‍ॅट युवर हाउस?"

मला वाटलं होतं काका पटकन सांगतील, हो साहेब, त्या दिवशी बायकोला चक्कर आली म्हणून नेली. आणि मग सगळे टेकाळ्यांकडे वळतील. पण त्यांनी मूर्तीसाहेबांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"रत्ना, तू पाहिलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"नो मराठी प्लीज," मूर्तीसाहेब म्हणाले. "आन्सर टू मी."

काकांनी टेबलावर बोटं ठेवली होती. ती एकेक करून दुमडली, परत उघडली, परत दुमडली. काहीतरी मोजत असावेत असं वाटलं. बराच वेळ गेला. 

"मे बी, सर," काका म्हणाले.

मूर्तीसाहेबांनी ते लिहून घेतलं आणि कागदाला टाचणी लावली.

 मे बी काय? एका गुरुवारची साधी गोष्ट, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. खरं असेल ते सांगायला माणसाला एवढा वेळ लागतो? बाहेर पडताना काका माझ्याजवळ थांबले, काही बोलणार असं दिसलं. मी चप्पल शोधायच्या निमित्तानं खाली वाकले. वर बघितलं तेव्हा ते निघून गेले होते.

त्या दिवसापासून माझा तो शंभरातला एक दाणा फुगायला लागला. शेजारचं पोर खरंच बोलवायला आलं होतं, का बोलावून घेतलं होतं? काकांची ती खाकी पिशवी रोज एवढी फुगलेली का असायची? मला फुकट इंग्रजी शिकवलं ते कशासाठी? प्रयोगशाळेतून कुठलं बी किती उगवतं ते काढून घ्यायला तर नाही? आता सांगताना माझी मला लाज वाटते, पण तेव्हा एकेक गोष्ट बरोबर जुळत गेली. दुपारी चारचा चहा मी माझ्या टेबलावरच मागवायला लागले. काका दोनदा दारापर्यंत येऊन गेले. मी मायक्रोस्कोपात डोळा घालून बसले होते, खाली काचेवर काहीही नसताना.

नवव्या दिवशी हैदराबादची ऑर्डर आली. अंबादास जिगे यांना कामावरून काढलं होतं. आठ दिवसांत क्वार्टर खाली करायचं होतं. टेकाळ्यांना काही झालं नाही, मला काही झालं नाही. मी म्हटलं, झालं, म्हणजे यांच्याकडे पक्का पुरावा सापडला असणार. माझ्या एका ओळीवर कुणी अकरा वर्षांचा माणूस काढत नाही.

ते गेले त्या दिवशी मी खिडकीतून टेम्पो भरताना बघितला. मावशी पुढे ड्रायव्हरजवळ बसल्या होत्या. काका मागे सामानाजवळ उभे होते आणि प्रयोगशाळेच्या दिशेनं बघत होते. मी खाली गेले नाही. संध्याकाळी शिपायानं माझी वही आणून दिली. माझा शेवटचा अभ्यास त्यांच्याकडे तपासायला राहिला होता. तपासलेला होता. खाली लाल पेनानं 'गुड' होतं. मी वही उलटीपालटी करून बघितली, आणखी काही लिहिलंय का म्हणून. काही नव्हतं.

जून उजाडला. मला कायम केलं. आणि त्याच आठवड्यात वर्षाची मोजणी करताना ती थैली सापडली.

थंड खोलीतच होती. तिसऱ्या फळीवर, नर वाणाच्या थैल्यांमध्ये. तिला दोन लेबलं बांधलेली होती, वरचं चुकीचं आणि त्याखाली दबलेलं बरोबर. त्या गुरुवारी सकाळी आम्ही तिघांनी मिळून दोनशे थैल्यांना नवी लेबलं बांधली होती. त्यातलं हे कुणी बांधलं ते कळायला काही मार्ग नव्हता, माझंही असेल. कुणीच काही चोरलं नव्हतं. टेकाळे तिथेच फळीला टेकून बसले. म्हणाले, "तीन महिने झोप नाही हो मॅडम. तुम्ही माझ्याकडे असं बघायच्या ना, की मलाच वाटायला लागलं होतं, मीच नेली का काय." तो स्कूटरवाला त्यांच्या बहिणीसाठी बघितलेल्या मुलाचा मामा होता. लग्न ठरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून हात तोंडापुढे.

मी तशीच बोधनकर साहेबांच्या खोलीत गेले. ते नांदेडकडचे, शांत माणूस.

"साहेब, काकांना परत बोलवा. चोरी झालीच नाही."

"जिग्यांना चोरीसाठी काढलंच नव्हतं," साहेब म्हणाले. "चोरी कुणावर सिद्ध झाली? त्यांना काढलं नियम मोडायची सवय म्हणून. किल्ली सारखी घरी न्यायचे ना. अशा माणसाकडे स्टोअर कसं ठेवायचं, असं हैदराबादचं म्हणणं."

"सारखी? असं कोण म्हणालं?"

त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. मग कपाटातून फाइल काढली, पानं उलटली आणि माझाच कागद माझ्यापुढे धरला. चौथ्या उत्तराखाली मूर्तीसाहेबांनी निळी रेघ मारली होती.

"हे मी त्या एका गुरुवारचं लिहिलंय साहेब. बहुतेक काकांकडे असेल, असं. अंदाज होता माझा."

"मग प्रॉबॅब्ली लिहायचं. मोस्टली म्हणजे बहुतेक वेळा."

"मोस्टली म्हणजे बहुतेक ना?"

"अगं, आपल्या मराठीत दोन्हीला बहुतेकच म्हणतात. बहुतेक लोक आले, आणि बहुतेक तो येईल. इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत." साहेबांनी प्रयोगशाळेतल्या माझ्या उगवणीच्या ट्रेच्या दिशेनं बोट केलं. "शंभर दाण्यांचं सांगायचं असेल तर मोस्टली. एकाच दाण्याचं, तो उगवेल का नाही ते सांगायचं असेल तर प्रॉबॅब्ली. तुला विचारलं किल्ली कुठे ठेवली होती, तू सांगितलंस, बहुतेक वेळा जिग्यांच्या घरी असते. मीसुद्धा तसंच समजलो."

 तो शब्द काकांच्या यादीत नव्हता. शिकायची गरजच काय होती? आम्ही सगळे दिवसातून दहादा बोलायचो, मोस्टली आज लाइट जाईल, मोस्टली उद्या पगार होईल. फक्त काका तसं कधी बोलायचे नाहीत.

रविवारी मी भोकरदनची एसटी धरली. काका तिथे भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहत होते. पर्समध्ये हेड ऑफिसला लिहिलेलं पत्र होतं, रात्रभर जागून केलेलं. मावशींनी दार उघडलं. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं, पण तोंडभर हसल्या नाहीत.

"ते दळण आणायला गेलेत," त्या म्हणाल्या. "आत्ता गेलेत, परत आले, परत गेलेत. दाराची कडी लावली का म्हणून बघायला येतात. मी घरातच आहे, तरी. गॅस बघतात, नळ बघतात. कुणाला सांगू बाई, अकरा वर्षं ज्यानं कंपनीचं कुलूप सांभाळलं त्याला आता स्वतःच्या घराच्या कडीचा भरवसा नाही."

काका आले. मला बघून दारात थबकले. पिठाचा डबा खाली ठेवला, आणि खरंच, वळून एकदा कडी बघितली.

"काका, मला 'बहुतेक' म्हणायचं होतं," मी एवढंच बोलू शकले. पुढचं सगळं रडण्यात गेलं. ते काही समजले असतील असं वाटलं नाही, पण ते समजले. व्याकरण त्यांना लगेच कळायचं. ते खाटेवर बसले.

"प्रॉबॅब्ली," ते म्हणाले. "प्रॉबॅब्ली म्हणायचं होतं तुला."

"तुम्ही बोलला का नाहीत तेव्हा? नाही साहेब, एकदाच नेली, एवढंच म्हणायचं होतं."

"अगं, कसं म्हणू? दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर म्हटलं असतं. तू लिहिलं होतंस. किती वेळा, कधी, हे शब्द तू चुकणार नाहीस, हे मीच सगळ्यांना सांगत हिंडलो होतो. मी म्हटलं, ही पोरगी रोज बघत असेल. माझ्याच ध्यानात राहत नसेल. मी तिथं बसून आठवायला लागलो, सोमवारी ठेवली का, मंगळवारी ठेवली का. रोजचीच गोष्ट, रोजचाच खिळा. एक दिवस काही स्पष्ट आठवेना. म्हटलं, असेल. नेत असेन बहुतेक वेळा. वय झालं." ते थांबले. "अजून आठवायलोय मी, रत्ना. तीन महिने झाले."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मी पत्र काढून काकांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, आणि सवयीनं खिशातून लाल पेन काढलं. नोकरी गेली तरी ते पेन खिशातच होतं.

पत्रात मी सगळं लिहिलं होतं. चूक माझी, शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता, थैली सापडली आहे. शेवटी दोन वाक्यं. पहिलं, 'श्री जिगे ऑलवेज इज ऑनेस्ट.' काकांनी 'ऑलवेज'भोवती गोल केला आणि बाण ओढून त्याला 'इज'च्या पलीकडे नेऊन बसवलं.

"थोरल्या जावेला आधी," ते पुटपुटले.

दुसरं वाक्य होतं, 'ही नेव्हर टुक द की होम.' त्यावर त्यांचं पेन अडलं. मग त्यांनी 'नेव्हर' खोडला आणि वाक्याच्या शेवटी 'वन्स' लिहिलं.

"काका, राहू द्या ना," मी म्हणाले. "नेव्हरवर ते लगेच परत घेतील. वन्स वाचून परत संशय घेतील."

"घेऊ दे. गुरुवारी मी किल्ली नेली होती, त्या एका दिवसाचं मला पक्कं आठवतं. हिला चक्कर आली होती. तेवढं एकच पक्कं आहे, तेही खोटं लिहू का?" त्यांनी टोपण लावलं. "नीट उतरवून काढ. स्वच्छ अक्षरात."

मी तिथेच मावशींच्या ओट्यावर बसून पत्र उतरवून काढलं, 'वन्स'सकट. बोधनकर साहेबांनी वर आपलं पत्र जोडलं. पाचव्या आठवड्यात हैदराबादहून उत्तर आलं. एका वेळच्या चुकीसाठी लेखी समज पुरेशी होती, आधीची ऑर्डर रद्द. काका ऑगस्टमध्ये परत आले, त्याच स्टोअरवर, त्याच किल्लीवर. टेकाळ्यांनी पेढे वाटले.

निवृत्तीपर्यंत ते दीड वर्ष होते. चारच्या चहाला आमची शिकवणी परत सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी यादीत 'मोस्टली' घातला. पण दुपारी एक वाजता ते किल्ली पेटीत अडकवायचे, फाटकापर्यंत जायचे, आणि तिथून परत यायचे. रोज. मी माठाशी उभी राहून वाट बघायची. पहिले काही दिवस मला वाटलं, सवय जाईल.

"काका, ठेवलीत तुम्ही," मी म्हणायची. "मी आत्ता पाहिलं. खिळ्यावरच आहे."

"बहुतेक," काका म्हणायचे, आणि पेटीचं दार उघडून बघायचे.